यंदा एक तरी वस्तू घरची

घट बसले की दिवाळी चार आठवड्यांवर येते. तुळशीच्या लग्नापर्यंत मोजलं तर सहा आठवडे हाती असतात. घरात हाताने काही करायला वर्षात याहून सोयीचा काळ नाही. पाऊस ओसरलेला असतो आणि ऑक्टोबरचं ऊन रणरणत असतं, त्यामुळे माती, खळ, रंग, धुतलेल्या गोधड्या सगळं खडखडीत वाळतं. सहामाही परीक्षा उरकून शाळांना सुट्टी लागते. बाहेरगावी असलेली माणसं घरी येतात. आश्विन-कार्तिकातले आपले रिवाज पाहा, एकूण एक हाताला काम देणारे आहेत: घटाच्या परडीतली माती, भोंडल्याच्या पाटावरचा हत्ती, दसऱ्याचं झेंडूचं तोरण, पाटीवर एकच्या आकड्यांनी काढलेली सरस्वती, मग किल्ला, कंदील, रांगोळी, वाती आणि शेवटी वृंदावनाला गेरू.

आता यातलं बरंचसं खोक्यातून येतं. तोरण प्लास्टिकचं, कंदील उघडून टांगायचा, किल्ला तयार साच्यातला, रांगोळीचं चिकटवायचं स्टिकर. विकत आणण्यात पाप नाही. दोघंही सकाळी आठला घर सोडणार आणि रात्री आठला परत येणार, तिथे सगळं घरी करा म्हणणाऱ्याला कोपरापासून नमस्कार करावा. असा सल्ला देणारा बहुधा स्वतः काही करत नसतो. म्हणून माझं मागणं लहान आहे. या सहा आठवड्यांत एक वस्तू घरात घडू द्या. एकच. पण ती घरातल्या प्रत्येकाच्या हाताखालून जाऊ द्या.

त्याला तीन अटी आहेत.

पहिली अट आईच्या बाजूची. आपल्याकडे हौस सगळ्यांची असते आणि पसारा आईचा. दिवाळीत ती आधीच भाजणी, चकल्या, साफसफाई, पाहुणे यांत बुडालेली असते. त्यात ‘आपण घरीच कंदील करू’ म्हणजे तिच्या डोक्यावर आणखी एक काम, असं होणार असेल तर कृपा करून विकतचाच आणा. वस्तू काय करायची हे ठरवणं, सामान आणणं आणि शेवटी कागदाचे कपटे झाडून घेणं, यांपैकी एकही काम तिच्या वाट्याला येता कामा नये. तिला हौस असेल तर ती येऊन बसेल, गाठी मारेल, नावंही ठेवेल. पण पाहुणी म्हणून.

दुसरी अट वडिलांच्या बाजूची. ‘काय काय आणायचं ते लिहून द्या, येताना घेऊन येतो’ एवढ्याने भागणार नाही. बसायचं. आणि बसल्यावर मुलाच्या हातातलं काम काढून घ्यायचं नाही. शाळेच्या प्रोजेक्टांनी आपल्याला ही सवय लावली आहे: मूल शेजारी उभं, बाप कापतोय, आई चिकटवतेय आणि खाली नाव मुलाचं. या एका वस्तूपुरतं तरी उलट करा. कारागीर मूल, तुम्ही हाताखालचे. धर म्हटलं की धरायचं, सोड म्हटलं की सोडायचं.

तिसरी अट सगळ्यांसाठी. वस्तू वाकडी झाली, एका बाजूला फुगली, तरी दारात तीच लागेल. मागच्या दाराने विकतची आणून तिच्या जागी टांगली, तर मूल त्यातून काय शिकायचं ते शिकतं, आणि पुढच्या वर्षी कात्रीला हात लावत नाही.

आता काय करायचं? चार गोष्टी सुचवतो. त्यातली एक उचला.

चांदणीचा कंदील

बुरूड आळी असलेल्या गावात कामट्या सहज मिळतात. मुंबई-पुण्यात दिवाळीच्या तोंडावर कागदाच्या दुकानांतही येतात. साठ सेंटिमीटरच्या दहा कामट्या आणि 12 ते 15 सेंटिमीटरचे पाच तुकडे एवढ्यात मध्यम चांदणी होते. मोठ्यांचं पहिलं काम कामट्या तासून गुळगुळीत करण्याचं, कारण बांबूची कूस बोटात गेली की मुलांचा उत्साह तिथेच संपतो.

पाच कामट्यांची एक चांदणी बांधायची. पाटीवर हात न उचलता पाच टोकांची चांदणी काढतो त्याच पद्धतीने कामट्या एकमेकींवरून-खालून न्यायच्या, टोकं आणि मधल्या फुल्या जाड दोऱ्याने करकचून बांधायच्या. अशा दोन चांदण्या करायच्या, अगदी सारख्या. एकीवर एक ठेवून पाचही टोकं बांधली की सांगाडा अजून चपटाच असतो. आता खरी गंमत. मधल्या पाच फुल्यांपाशी दोन्ही चांदण्यांच्या मध्ये ते छोटे तुकडे उभे अडकवायचे. प्रत्येक तुकड्याच्या दोन्ही टोकांना बारीक खाच पाडून ठेवा, म्हणजे तो निसटत नाही. तिसरा तुकडा बसला की सांगाडा पोट फुगवतो, पाचवा बसला की ताठ उभा राहतो. आठ-नऊ वर्षांच्या पोराचा चेहरा पाहायचा तर या क्षणी पाहावा.

मग कागद. पतंगी कागदाचे दोन रंग पुरेत. समोर पाच त्रिकोण आणि मधला पंचकोन, मागे तसेच, आणि कडेचे दहा निमुळते त्रिकोण. मापं वहीत न काढता सांगाड्यावर कागद धरूनच घ्यावीत, कारण हाताने बांधलेल्या चांदणीचे कुठलेच दोन त्रिकोण सारखे नसतात. कडेला बोटभर जास्तीचा कागद ठेवून तो कामटीवरून दुमडायचा. खळ मैद्याची, घरी शिजवलेली, आणि बोटाने पातळ लावायची. थापली की पतंगी कागद भिजून फाटतो आणि रंग सोडतो. बुकबाइंडर खळीला कीड लागू नये म्हणून मोरचूद घालतात. घरच्या खळीत तो घालू नका, तो विषारी असतो. खाली झुकलेल्या दोन टोकांमधले कडेचे दोन त्रिकोण उघडे ठेवा. दिवा आत न्यायला हात तिथून जातो आणि उष्णता तिथून बाहेर पडते. दिवा कमी वॅटचा एलईडी. पतंगी कागदाच्या आत जुना तापणारा बल्ब किंवा मेणबत्ती अजिबात नको.

कडांना सोनेरी बेगड, खाली झिरमिळ्या. झिरमिळ्या कापायचं काम घरातल्या सगळ्यांत लहान मुलाला द्या. त्या जितक्या तिरक्या, तितक्या वाऱ्यावर छान हलतात.

किल्ला

किल्ल्याला अंगण लागतं ही समजूत सोडून द्या. सोसायटीत सगळ्यांचा मिळून एक करता येतो, आणि तेही जमत नसेल तर गच्चीच्या कोपऱ्यात किंवा मोठ्या परातीतही होतो. माती कुंड्यांमधली घ्या, दिवाळीनंतर ती कुंड्यांत परत जाईल. आत विटा, दगड, फुटक्या कौलांचे तुकडे, आणि वर चिखलात बुडवलेलं गोणपाट. सुकलं की कड्यासारखं दिसतं. थर्माकोलचा मोह नको. राज्याने 2018 मध्ये केलेल्या बंदीत सजावटीचा थर्माकोलही आलेला आहे.

माझा आग्रह एवढाच की ‘एक किल्ला’ करू नका, ‘अमुक किल्ला’ करा. 2025 च्या जुलैत युनेस्कोने मराठ्यांच्या 12 किल्ल्यांना जागतिक वारसा यादीत घेतलं: साल्हेर, शिवनेरी, लोहगड, खांदेरी, रायगड, राजगड, प्रतापगड, सुवर्णदुर्ग, पन्हाळा, विजयदुर्ग, सिंधुदुर्ग आणि तमिळनाडूतला जिंजी. बारातला एक मुलांना निवडू द्या. तो गिरिदुर्ग आहे की जलदुर्ग, इथूनच बोलणं सुरू होतं. सिंधुदुर्ग निवडला तर चारही बाजूंनी पाणी हवं. राजगड निवडला तर बालेकिल्ल्याच्या तीन बाजूंना पद्मावती, सुवेळा आणि संजीवनी या तीन माच्या काढाव्या लागतील, आणि संजीवनी लांबच लांब पसरते हे कळायला नकाशा पाहावाच लागेल.

रायगड करणाऱ्यांनी महादरवाजाकडे लक्ष द्यावं. मुलं सवयीने दरवाजा समोर, ठळक, कमानीचा करतात. खरा दरवाजा दोन बुरुजांच्या आड लपवलेला आहे. वळण घेऊन गेल्याशिवाय तो दिसत नाही, आणि वळणावर आलेला शत्रू दोन्ही बुरुजांच्या माऱ्यात सापडतो. हे पुस्तकात एका ओळीत असतं. मुलाने मातीचे दोन बुरूज स्वतः थापून त्यांच्यामधून बोटाने वाट काढली, की ती ओळ त्याला विसरू म्हटलं तरी विसरता येत नाही.

हिरवळीसाठी हळीव. भिजवल्यावर हळीव बुळबुळीत होतात, म्हणून उभ्या उतारालाही चिकटून राहतात, मोहरी घरंगळते. वसुबारसेच्या आठवडाभर आधी लावले तर दिवाळीत कडे हिरवेगार. पाणी शिंपडायचं, ओतायचं नाही, नाहीतर तटबंदी वाहून जाते.

गोव्यातल्या वाचकांना किल्ल्यापेक्षा नरकासुर जवळचा. वाड्यावरची पोरं बांबू, गवत, कागद जमवून रात्र-रात्र जागून तो उभा करतात आणि नरकचतुर्दशीच्या पहाटे जाळतात. तिथे मुलांना हाताने करा असं सांगायची गरज नाही. सांगायचं तर एवढंच, की मोठ्यांनी पैसे देऊन मोकळं न होता एक रात्र त्यांच्यात जाऊन बसावं.

घरचा दिवाळी अंक

ज्या घरात कात्री आणि चिखल कोणाला आवडत नाही, त्यांच्यासाठी हे. काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी 1909 मध्ये ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला, तिथून आपल्याकडे फराळाच्या ताटाशेजारी अंक आला. शाळा-कॉलेजांतून हस्तलिखितं निघत. तोच उद्योग घरात करा. एकच प्रत, हाताने लिहिलेली, हाताने शिवलेली.

संपादक घरातलं मूल. त्याला पूर्ण अधिकार. आजोबांनी पहिल्या नोकरीवर दोन पानं लिहायची. मावशीने चिवडा बिघडतो कसा यावर. काकाने कोडी. आजीला लिहायचा कंटाळा असेल तर संपादकाने तिची मुलाखत घ्यायची: तुझ्या लहानपणी फटाके कोण आणायचं, नवं कापड वर्षातून किती वेळा मिळायचं, सर्वांत जास्त मार कशासाठी खाल्लास? घरातली कित्येक वर्षं एकत्र राहिलेली माणसं एकमेकांना असे प्रश्न कधी विचारत नाहीत. अंकाचं निमित्त झालं की विचारता येतात. आणि वडिलांचा लेख कंटाळवाणा असेल तर संपादकाने तो खुशाल ‘साभार परत’ पाठवावा.

कागद मधोमध दुमडून घडीवर तीन भोकं पाडा: एक मध्ये, दोन कडांपासून चार-चार बोटांवर. सुई मधल्या भोकातून आत, वरच्यातून बाहेर, मग पाठीवरून थेट खालच्यातून आत आणि पुन्हा मधल्यातून बाहेर. दोऱ्याच्या दोन टोकांची गाठ मारली की अंक बांधून झाला. मुखपृष्ठावर भोंडल्याचा हत्ती चालेल. लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी प्रकाशन, भाऊबिजेला मोठ्याने वाचन. हा अंक रद्दीत जात नाही. दहा वर्षांनी घरातले सगळे तो शोधतील.

गोधडी

हे दिवाळीनंतरचं, कार्तिकाचं काम. पहाटे गारठा जाणवायला लागतो तेव्हाचं. कोल्हापूरकडे वाकळ म्हणतात. जुन्या सुती साड्या, धोतरं, मुलांचे तोकडे झालेले सुती कपडे; सिंथेटिक नको. थर एकमेकांवर ताणून पसरायचे, मोठ्या टाक्यांनी कच्चे धरून घ्यायचे, मग कडेपासून साध्या धावदोऱ्याने चौकोनात आत आत यायचं.

अख्खी गोधडी एका हिवाळ्यात झाली नाही तर बिघडत नाही. लहान बाळाचं दुपटं करा. महत्त्वाचं काय, तर चार माणसं चार बाजूंना बसून एकाच कापडावर सुई चालवतात. तोंडासमोर पडदा नसतो, हात गुंतलेले असतात, नजरेला नजर देण्याची सक्ती नसते. कॉलेजात जाणारी मुलगी जे समोर बसवून विचारल्यावर सांगत नाही, ते अशा वेळी टाका घालता घालता आपणहून सांगते. त्या वेळी उपदेश करू नका. दोरा ओवून द्या.

आणि जे विकत आणाल ते

एक वस्तू घरी केली की बाकीच्या वस्तूंकडे पाहण्याची नजर बदलते. दहा कामट्या तासताना ज्याची बोटं दुखली, तो बुरडाशी सुपाच्या किमतीवरून घासाघीस करायला जरा कचरतो. ते चांगलंच आहे. पणत्या कुंभाराकडूनच घ्या, आणि लवकर घ्या. कुंभाराला माती वाळवायला ऊन लागतं. परतीचा पाऊस रेंगाळला की त्याचा वाळवणीचा आणि भट्टीचा हंगाम आखडतो, दिवाळी मात्र त्याच्यासाठी थांबत नाही. धारावीच्या कुंभारवाड्यात मुलांना एकदा घेऊन जा आणि चाकावर पणती उतरताना दाखवा. आणलेल्या कोऱ्या पणत्या रात्रभर पाण्यात बुडवून ठेवा, मग वाळवून वापरा. नाहीतर निम्मं तेल पणतीच पिते.

वाती मात्र घरच्या. तेवढं काम आजीचं म्हणून सोडून देऊ नका, तिच्याकडून शिकून घ्या. कापसाची पेळू पोटरीवर वळायला ती शिकवेल आणि सगळे मिळून तीन-चार संध्याकाळी बसलात तर त्रिपुरी पौर्णिमेपर्यंतची बेगमी होईल.

काही घरांत यंदा दिवाळी नाही. वर्षाच्या आत कोणी गेलेलं असतं, कंदील लागत नाही, कढई चढत नाही, शेजारी फराळ आणून देतात. फराळ द्याच, पण त्या घरातली मुलं एरवी खिडकीत उभी राहून बाकीच्यांचे किल्ले पाहतात, त्यांना हाक मारा. तुमच्या किल्ल्याचा एक बुरूज त्यांना द्या. तसंच ज्यांची मुलं परदेशी आहेत असे एकटे काका-काकू तुमच्या मजल्यावर असतील. त्यांना कामट्या धरायला बोलवा. बहुतेकांना चांदणी बांधता येते. कोणी बोलावत नाही एवढंच.

आणि परदेशात, उत्तरेकडच्या थंड मुलखात असाल तर तिकडे या दिवसांत पानं झडायला लागलेली असतात, पाच वाजता अंधार होऊ लागतो आणि कंदिलाची गरज इथल्यापेक्षा जास्त असते. कामट्या मिळत नसतील तर बागकामाच्या दुकानात रोपांना आधार द्यायच्या बांबूच्या काठ्या मिळतात, त्या उभ्या चिरून घ्या. तिथली शेजारची मुलंही बोलवा. चांदणी बांधायला भाषा लागत नाही.

एक सावधगिरी. करताना व्हिडिओ पाहायचा तर एकदा पाहा आणि फोन दुसऱ्या खोलीत ठेवून या. अर्धवट कंदिलाचे फोटो गटावर टाकलेत की दुसऱ्या कोणाचा तरी सुबक कंदील तुमच्या पोराच्या नाकासमोर येतो आणि त्याला आपला नकोसा होतो. फोटो काढायचाच तर भाऊबिजेनंतर काढा.

तेव्हा आता ठरवा. पहिल्या माळेला घरातल्यांना विचारा, काय करायचं. एकमत झालं नाही तर सगळ्यांत लहान जे म्हणेल ते. खंडेनवमीला आपण हत्यारांची पूजा करतो. त्या पूजेत घरातली कात्री, सुई, पक्कड, खळीची वाटीही ठेवा. दसऱ्याला दारी तोरण लावा, सोनं वाटा, आराम करा. एकादशीला मात्र ती कात्री कपाटात परत ठेवू नका. चटई पसरा आणि सगळ्यांना हाक मारा.